शिक्षकाच्या शिकण्याचा खर्च कोणी सोसायचा?

(माटुंगा येथे प्राथमिक अध्यापक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आपण जेथे जमलो आहोत तेथून माटुंगा लेबर कॅम्प फार दूर नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, ते याच वस्तीच्या आसऱ्याने. अण्णाभाऊंची वाटेगावची शाळा मात्र दीड दिवसात आटोपली, असे सांगितले जाते. या दीड दिवसाचा उल्लेख आपण त्यांच्या प्रतिभेच्या कौतुकासाठी करतो. शिक्षक होऊ पाहणाऱ्याने त्याकडे निराळ्या बाजूने पाहिले पाहिजे. ज्याच्या घरात आजवर कोणी पाटी हाती धरली नाही, असे मूल वर्गात येते तेव्हा त्याला टिकवून धरण्यासाठी शिक्षकाला फार अवधी मिळत नाही. त्याच्या बोलीला कोणी हसले, पहिल्याच चुकीला छडी उगारली गेली, आडनाव ऐकताच नजर बदलली, की ते उंबऱ्यावरून मागे फिरते. एखादे अण्णाभाऊ स्वतःच्या बळावर अक्षरे गिरवतात. बाकीच्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

मुलाला धरून ठेवण्याची ही कला उपजत असते, असे मानणारे पुष्कळ आहेत. ताराबाई मोडकांनी तसे मानले नाही. १९३६ साली त्यांनी येथून जवळच, दादरच्या हिंदू कॉलनीत, शिशुविहार सुरू केला आणि बालशिक्षिका घडविण्याचे कामही हाती घेतले. शिकविण्याआधी मुलाकडे पाहावयास शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९४५ पासून बोर्डीला अनुताई वाघांसह काम करताना, मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला, आणि माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी आसपास सापडणाऱ्या वस्तू ठेवल्या. पांढरपेशा कॉलनीतून निघालेल्या शिक्षिकेला हे सुचले, कारण तिने स्वतःला शिकत ठेवले होते.

पण अशा शिकण्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात पोट भरावे लागते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हाच व्यवहार मांडला. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचे वेतन दरमहा बारा रुपयांहून कमी नसावे, तो शक्यतो शेतकरी वर्गातून यावा आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरणारा असावा, अशी त्यांची मागणी होती. प्रशिक्षण, पगार आणि शिक्षक कोणत्या घरातून येतो, या तीन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून तोडल्या नाहीत. जुन्या मुंबई इलाख्यातही व्हर्नाक्युलर फायनल झालेला तरुण पुष्कळदा आधी शाळेवर रुजू होई आणि मग त्याला ट्रेनिंगला पाठविले जाई. ती व्यवस्था आदर्श नव्हती, मास्तरांची ओढगस्त सर्वश्रुत आहे; परंतु शिकण्याचा भार एकट्या उमेदवारावर नव्हता.

आज तुमची वाट कशी आहे? बारावीनंतर दोन वर्षे स्वतःच्या खर्चाने डी.एल.एड. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा, २०१७ पासून त्यावर अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलची प्रतीक्षा. नेमणूक मिळालीच तर तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’. सन २००० मध्ये ही योजना आली तेव्हा प्राथमिक शाळेतील सेवकाचे मानधन तीन हजार होते. ते सोळा हजार व्हायला २०२३ उजाडले. मध्यंतरी २०१२ नंतर कित्येक वर्षे भरतीच जवळजवळ थांबली आणि गल्लोगल्ली निघालेली अध्यापक विद्यालये ओस पडू लागली. परीक्षा नको, असे माझे म्हणणे नाही. पण रडणाऱ्या मुलापाशी तुम्ही खाली बसता की नाही, हे चार पर्यायांच्या प्रश्नाला कळत नाही. आणि ती परीक्षाही विकली जाऊ शकते, हे २०२१ साली पुणे पोलिसांच्या तपासातून उघड झाले.

२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी. सखोल शिक्षणाला कोणाचा विरोध असणार? परंतु लेबर कॅम्पमधल्या सफाई कामगाराची मुलगी दोन वर्षांचा खर्च कसाबसा पेलते. चार वर्षांचा कोठून आणील? ती गळाली, म्हणजे त्या वस्तीची बोली जाणणारी शिक्षिकाच वर्गातून गळाली.

मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालविते. माटुंगा-धारावीच्या पट्ट्यात तमिळ, मराठी, हिंदी, उर्दू बोलणारी मुले एकाच चाळीत वाढतात. छात्राध्यापकाने सराव पाठ घ्यावेत ते येथे, आणि पाच-दहा पाठांपुरते नव्हे, तर सलग एक वर्ष, अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली. त्या वर्षी तो मुलांसाठी राबतो, वह्या तपासतो, गैरहजर मुलाच्या घरी जातो. हे काम आहे.

आपल्या निवेदनाचा मसुदा मी वाचला. त्यात या वर्षासाठी ‘गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळावी’ असे लिहिले आहे. माझी दुरुस्ती अशी की ‘गरजू’ आणि ‘शिष्यवृत्ती’ हे दोन्ही शब्द काढावेत आणि ‘प्रत्येक छात्राध्यापकाला वेतन’ असे लिहावे.