आधी माप, मग यादी, मग पैसा



आज आपण ट्रॅक्टरच्या इंजिनाबद्दल बोलू. ते कामाला काढलं तर पार्ट कसे निवडायचे आणि पैशाचा मेळ कसा बसवायचा, एवढाच विषय. हल्ली बऱ्याच गटांकडे अवजारं भाड्यानं देण्याचं काम आहे. ट्रॅक्टर घेताना आपण कर्जाचा कागद चारदा वाचतो. पण इंजिन उघडायची वेळ आली, की सगळं मिस्त्रीच्या आणि घरातल्या पुरुषांच्या हवाली करतो. पैसे मात्र गटाचे जातात आणि हप्ताही गटाचाच थकतो.

आमच्या गटाचा ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ऐन उन्हाळ्यात कुरकुरायला लागला. निळा धूर, रोज ऑइल टाकायचं, सकाळी लवकर चालू व्हायचं नाव नाही. मिस्त्री म्हणाले, "हाफ इंजिन करून टाकू, सामान मीच आणतो." मृगाला दीड महिना राहिला होता. पेरणीआधीची रोटाव्हेटरची भाडी बुडाली असती, तर वर्षाचा हिशेब कोलमडला असता. म्हणून आम्ही अकराजणी बैठकीला बसलो आणि काही गोष्टी ठरवल्या. त्या तुमच्याही उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट, इंजिन उघडायची खरंच गरज आहे का ते पाहायचं. धूर बघितला तरी बरंच कळतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तो कोंदलेल्या एअर क्लीनरनं येतो, खराब नोझलनंही येतो. ही कामं इंजिन न खोलता होतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचे गाईड झिजलेत. इंजिन चांगलं तापल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गास्केट गेलेलं असू शकतं किंवा हेडला चीर असू शकते. आम्ही आधी एअर क्लीनर आणि नोझल तपासून घेतले, मग कॉम्प्रेशन मोजायला लावलं. ते कमी निघालं, तेव्हाच इंजिन उघडायला होकार दिला.

दुसरी गोष्ट, माप झाल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. माप न देता कुणी ब्लाउज शिवायला टाकतं का? इंजिनाचंही तसंच आहे. वर्कशॉपमध्ये लायनरचं माप वर, मध्ये आणि खाली घेतात, तेही आडवं आणि उभं, कारण लायनर सगळीकडे सारखा झिजत नाही. क्रँक मायक्रोमीटरनं मोजतात. हेड सपाट आहे का, कुठं चीर आहे का, ते बघतात. क्रँकला ओरखडे असतील तर ती घासून एक पायरी बारीक करतात. पहिली पायरी साधारण पाव मिलिमीटरची असते, मिस्त्री लोक तिला 'दहा' म्हणतात, पुढचीला 'वीस'. क्रँक दहावर गेली तर बेअरिंगही दहाचंच लागतं. मग आधीच बेअरिंग आणून ठेवलेलं काय कामाचं? आम्ही वर्कशॉपवाल्या भाऊंना सांगितलं, सगळी मापं कागदावर लिहून द्या. त्यांनी दिलीही.

तो कागद घेऊन आमच्यातल्या तिघी शहरातल्या दुकानात गेल्या. काउंटरवरून विचारणा झाली, "घरातलं कुणी पुरुष माणूस नाही आलं का?" आमच्या अध्यक्षांनी कागद पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "मापं यात आहेत, भाव सांगा." त्यानंतर बोलणं मापांचंच झालं.

तिसरी गोष्ट, यादी तीन भागांत करायची. पहिल्या भागात असं सामान, जे आता बदललं नाही तर इंजिन पुन्हा खोलावं लागेल: रिंगा, बेअरिंग, गास्केटचा सेट, ऑइल सील, फिल्टर, नवं ऑइल. दुसऱ्या भागात मापावर ठरणारं: लायनर, पिस्टन, क्रँक घासणं, व्हॉल्व्ह, गाईड, ऑइल पंप. तिसऱ्या भागात नंतर केलं तरी चालेल असं: रंग, सीट, नवा सायलेन्सर. मजुरी, वर्कशॉपचं बिल आणि सामानाचं गाडीभाडं वेगळं लिहायचं. हे तीन खर्च बहुतेकजणी विसरतात.

आता पैसा. समजा हातात ६० हजार आहेत. त्यातले १२ हजार, म्हणजे पाचवा हिस्सा, आधीच बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या ४८ हजारांत यादी बसवायची. इंजिन खोलल्यावर काहीतरी नवं निघतंच. आमचा ऑइल पंप जुळणीच्या वेळी झिजलेला निघाला. तो बाजूला ठेवलेल्या पैशातून आला, कुणाकडे हात पसरावा लागला नाही. यादी बसत नसेल तर तिसरा भाग पूर्ण कापा. तरीही बसली नाही तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या किंवा चार आठवडे थांबा, पण पहिल्या भागाला कात्री लावू नका. झिजून वाकडातिकडा झालेल्या लायनरमध्ये नव्या रिंगा टाकल्या, तर त्या नीट बसत नाहीत आणि थोड्याच दिवसांत धूर परत येतो. मग मजुरीही दुसऱ्यांदा आणि गास्केटही दुसऱ्यांदा.

बचत करायला जागा असते, ती ओळखायची. क्रँक घासून चालत असेल तर नवी घेऊ नये. व्हॉल्व्ह चांगले असतील तर नुसते घासून बसवून घ्यावेत. पण बेअरिंग, रिंगा आणि गास्केट यांच्यात स्वस्त माल शोधू नये. कंपनीचा किंवा नावाजलेल्या उत्पादकाचा, पार्ट नंबर असलेला, सीलबंद डब्यातलाच घ्यावा. भाव दोन-तीन दुकानांत विचारावा आणि बिल पक्कंच घ्यावं.

आता मोहाची गोष्ट. आमच्या दोन मैत्रिणींना वाटत होतं, इंजिन उघडलंच आहे तर ताकद वाढवून घेऊ, मोठा रोटाव्हेटर ओढेल, भाडं जास्त मिळेल. मिस्त्रीही म्हणाले, पंप थोडा वाढवून देतो. आम्ही यावर बराच वेळ बोललो. पंप वाढवला की डिझेल जास्त जातं, पण हवा तेवढीच राहते. मग काळा धूर येतो, उष्णता वाढते आणि तो ताण पिस्टनवर, हेडवर, क्लचवर येतो. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधणारे लोक ताकद वाढवायच्या आधी पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जास्त मजबूत बसवतात. हवा, थंड ठेवण्याची सोय आणि क्लच यांचाही विचार करतात. नुसतं एक टोक वाढवलं की दुसरं तुटतं, हे त्यांना ठाऊक असतं. तो खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. अंथरूण पाहून पाय पसरले. पंप कंपनीच्या मापावरच तपासून लावला आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहिला. त्या दोघींनीही सही केली.

शेवटचं, जुळणी आणि नंतरची काळजी. इंजिन धूळ नसलेल्या जागी जुळवायला सांगा. हेडचे बोल्ट अंदाजानं आवळू नका म्हणा, टॉर्क पान्यानं आणि ठरलेल्या क्रमानंच आवळायला लावा. काढलेले जुने पार्ट परत मागून घ्या. काय बदललं त्याचा तो पुरावा, आणि भंगाराचे पैसेही गटाचेच. सुरुवातीचे काही तास हलकं काम द्या, तासनतास नुसतं चालू ठेवू नका आणि एकदम जड नांगरटही नको. साधारण ५० तासांच्या आत ऑइल आणि फिल्टर बदला. रोटाव्हेटर किंवा मळणीच्या धुळीत काम झालं, की एअर क्लीनर रोज बघा. आत गेलेली धूळ रिंगा आणि लायनर खाऊन टाकते.

आमचा ट्रॅक्टर मृगाआधी शेतात उतरला. रंग अजून जुनाच आहे, पत्र्यावर पोपडे आहेत. तो खर्च यंदाच्या भाड्यातून करायचा ठरलंय.

मैत्रिणींनो, नियमित बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री आपण पाठ केली आहे. इंजिनासाठी वेगळं शास्त्र शिकायची गरज नाही. पाना मिस्त्रीच्या हातात असू द्या, वही मात्र आपल्या हातात हवी. तुमच्या गटाकडे इंजिन असलेलं कुठलंही यंत्र असेल, तर येत्या बैठकीत एक वही त्याच्या नावानं घाला. किती तास चाललं, ऑइल कधी बदललं, धूर कसा येतो, एवढं लिहायला सुरुवात करा. काम काढायची वेळ येईल, तेव्हा त्या वहीतलं पहिलं पान तुमच्या बाजूनं बोलेल.