डेक्कन क्वीनचा कोट

(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक'. तो मी बदलून घेतला. मुदत ठेवींबद्दल मी आपल्याला जिन्यात गाठूनसुद्धा सांगतोच. आज कोटाबद्दल बोलतो.

दर १ जूनला पुणे स्टेशनवर डेक्कन क्वीनचा वाढदिवस होतो. १ जून १९३० रोजी ती पहिल्यांदा धावली, तीही कल्याण ते पुणे. तेव्हा गाडीचे दोन संच होते. एक रुपेरी, लाल पट्ट्यांचा आणि दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. माझी मुंबईला बदली झाली तेव्हा अकरा वर्षे मी तिचा पासधारक होतो. सकाळी सव्वासातला पुणे सोडायचे, संध्याकाळी पाच दहाला मुंबईहून परत. मुलांचे अभ्यास, आईचे आजारपण सगळे हिने पाहिले, वर लोकांचे ब्लाउज शिवले. "एकदा तुला डायनिंग कारमध्ये बसवून घाट दाखवतो," असं मी रात्री जेवताना म्हणायचो. नेलं मात्र कधीच नाही.

आता हिच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याला विकार झालाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. शिलाई मशीनवर झाकण पडलं ते पडलंच. गेल्या वर्षी मी म्हटलं, "अगं, यंदा वाढदिवसाला आपण जायचंच." तर म्हणाली, "अहो, मला काय दिसणार आहे? पण जायचंच असेल तर नुसतं नको. तुम्हाला गाडीचा कोट शिवू. हात तुमचे, डोकं माझं."

निवृत्तीच्या वेळी शिवलेला कोट उसवून त्यावरून माप काढलं. (तो आता होतही नव्हता, बाजूला दोन इंच वाढवावे लागले.) डावी बाजू निळी, उजवी रुपेरी, खिशावर डायनिंग कारच्या टेबलासारखं चौकटीचं कापड, पाठीवर 'पुणे–मुंबई' ही पाटी. सॅटिन हे फार लबाड कापड आहे. मशीनच्या पायाखालून सरकतं आणि एकदा उसवलं की सुईची भोकं तशीच राहतात. त्यामुळे आधी कच्चे टाके घालायचे, हा हिचा नियम. ही शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, "थांबा, बॉबिन संपली." बघतो तर खरंच संपलेली!

एका संध्याकाळी मी दोन्ही बाह्या कापून हिच्या हातात दिल्या. हिने मुंढ्याच्या गोलाईवरून बोटं फिरवली आणि हसायलाच लागली. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या! दोन वेगळी कापडं, पण कागदाचं माप मी उलटवलंच नव्हतं. पस्तीस वर्षं बँकेत काढून दोन्ही नोंदी नावे बाजूलाच टाकल्या म्हणा ना. रुपेरी कापड उरलं होतं जेमतेम हातभर. मी वैतागून सगळं गुंडाळून ठेवलं, दोन दिवस मशीनकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी हिनेच तोड काढली. तुकडा कोपराशी जोडायचा आणि जोडावर लाल गोट लावायचा. रुपेरी डब्यांना लाल पट्ट्या होत्याच की!

१ जूनला फलाटावर केक कापला तेव्हा बऱ्याच जणांनी माझे फोटो काढले. एका तरुण मुलीने टेलरचा पत्ता विचारला. मी हिच्याकडे बोट दाखवलं. ही म्हणाली, "मी नाही हो, हे टेलर. मी फक्त ओरडत होते."

खंडाळ्याच्या घाटात आम्ही डायनिंग कारमध्ये बसलो. चीज टोस्ट मागवला. ही कडेच्या नजरेने खिडकीकडे बघत होती. बोगदा आला की "अंधार झाला" म्हणायची, बाहेर पडलो की "हिरवं आलं." मी काही समजावून सांगायला गेलो तर म्हणाली, "गप्प बसा, बघू द्या."

कोट आज आणला आहे. चहाच्या वेळी जरूर बघा. फक्त अस्तर उचलून आतून बघू नका, अशी हिची विनंती आहे.