मृत्युदरात न मावणारे हाल



पशुवैद्यकांच्या परिषदेत अध्यक्षाने व्यवसायाचा गौरव करावा आणि सरकारकडे चार मागण्या कराव्यात, अशी रीत आहे. आज ती थोडी बाजूला ठेवतो. जिवंत जनावरांच्या निर्यातीतल्या क्रौर्याविषयी बोलायचे आहे आणि ते आपल्याच घरात बोलायचे आहे. जनावर प्रवासाला योग्य आहे असा पशुवैद्यकाचा दाखला 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांनी सक्तीचा केला आहे. गाडीत चढणाऱ्या जनावरामागे आपल्यापैकी कुणाची तरी सही असते.

ऑगस्ट 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातून ‘अवासी एक्सप्रेस’ हे जहाज साठ हजारांहून अधिक मेंढ्या घेऊन आखाताकडे निघाले. दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात लोकर वाढलेली जनावरे आखातातल्या ऐन उन्हाळ्यात जाऊन पडली. मेंढी अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढते. हवाच दमट आणि तापलेली असली की धाप लागूनही उष्णता बाहेर पडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सुमारे 2,400 मेंढ्या मेल्या. जहाजावर फैसल उल्ला नावाचा पाकिस्तानी प्रशिक्षणार्थी अधिकारी होता. त्याने मोबाइलवर जे टिपले, ते एप्रिल 2018 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवर दिसले आणि देश हादरला. शेणामुताच्या चिखलात रुतलेली, तोंड उघडे टाकून धापणारी मेंढरे लोकांनी पाहिली.

त्या वेळी मेंढ्यांच्या फेरीत दोन टक्क्यांहून अधिक जनावरे मेली तरच खास कळवावे लागे. नंतर ती मर्यादा एक टक्क्यावर आणली. ठीक आहे; पण मला हा आकडाच खटकतो. शेणाच्या थरात दिवसचे दिवस उभी राहिलेली, खूर नासलेली, डोळे आलेली, आडवे व्हायला जागा न मिळालेली मेंढी जिवंत उतरली, की कागदोपत्री तिचा प्रवास उत्तम झाला! एखाद्या इस्पितळाची परीक्षा आपण फक्त मेलेल्या रोग्यांवरून करतो का?

हे सगळ्यांत स्पष्टपणे सांगितले ते आपल्याच व्यवसायातल्या बाईंनी. डॉ. लिन सिम्पसन जहाजावरच्या पशुवैद्यक म्हणून 57 फेऱ्या करून आल्या होत्या. सरकारी नियमांच्या फेरविचारासाठी त्यांनी जहाजांवरची परिस्थिती छायाचित्रांसह मांडली. निर्यातदारांना ते रुचले नाही आणि सिम्पसनबाईंना ते काम सोडावे लागले. त्यांची बाजू घ्यायला पुष्कळ उशिरा लोक पुढे आले. अखेर 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाने कायदा केला: 1 मे 2028 पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्यांची निर्यात बंद. ब्रिटननेही त्याच वर्षी कत्तलीसाठी आणि पोसण्यासाठी होणारी निर्यात कायद्याने थांबवली. तिथल्या चळवळीची किंमतही ध्यानात ठेवा. 1 फेब्रुवारी 1995 रोजी कॉव्हेंट्री विमानतळाबाहेर वासरांचा ट्रक अडवताना जिल फिप्स ही तरुणी त्याच ट्रकखाली गेली.

माणसेही या व्यापारात मरतात. सप्टेंबर 2020 मध्ये न्यूझीलंडहून चीनकडे निघालेले ‘गल्फ लाइव्हस्टॉक 1’ हे जहाज वादळात बुडाले. मुळात ते कंटेनर वाहणारे जहाज. जनावरांसाठी त्यात फेरफार केले होते. 43 जणांपैकी दोघे वाचले. सुमारे 5,900 गाई जहाजाबरोबर गेल्या. न्यूझीलंडने 30 एप्रिल 2023 पासून हा समुद्री व्यापार बंद केला.

आता आपल्याकडे. 2018 मध्ये नागपूरहून शारजाला विमानाने शेळ्यामेंढ्या पाठवायचे ठरले. विरोध झाला, विशेषतः जैन समाजातून, आणि बेत बारगळला. 2023 मध्ये केंद्राने पशुधन आयात-निर्यातीच्या नव्या विधेयकाचा मसुदा आणला. तोही गदारोळानंतर मागे घेतला गेला. दोन्ही वेळा मला बरे वाटले, पण अर्धेच. नागपूरच्या वादात धार्मिक भावनेवर जेवढे बोलले गेले, त्याच्या तुलनेत दमट हवा, पाणी, उभे राहायची जागा यांबद्दल फारच कमी. आणि चार पैसे जास्त मिळतील या आशेने बसलेल्या धनगराला कुणी काय उत्तर दिले? त्याचा बोकड गावाजवळ, नीट कत्तलखान्यात कापून थंड साखळीतून मांस बाहेर गेले तर त्याला भाव मिळेल आणि जनावराची फरफट टळेल. म्हशीचे गोठवलेले मांस आपल्या देशातून वर्षानुवर्षे असेच जाते. मांस खावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्यावर या व्यासपीठाने निवाडा देऊ नये. जिवंत जनावर समुद्रापार नेऊन कापण्याला मात्र आपण व्यवसाय म्हणून विरोध केला पाहिजे, आणि तो शरीरशास्त्राच्या आधारावर.

या परिषदेपुढे माझे दोन प्रस्ताव आहेत. लांबच्या वाहतुकीचा मृत्युदर मोजतानाच जखमा, लंगडणे, धाप आणि वजनातली घट यांचीही नोंद सक्तीची करा, अशी मागणी आपण एकमुखाने करू. आणि अशी नोंद केल्याबद्दल ज्या सहकाऱ्याची बदली होईल किंवा काम जाईल, त्याच्या वकिलाचा खर्च संघटनेने उचलावा. दुपारच्या सत्रात दोन्ही ठराव मतदानाला ठेवत आहे. जेवणानंतर सभागृह ओस पडते, हे मला ठाऊक आहे. आज कृपया थांबा. आणि उद्यापासून, जनावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकाही दाखल्यावर सही करू नका.