भित्यापाठी ब्रह्मराक्षस : खोटा अँटीव्हायरस कसा चालतो, कसा काढायचा

आजचा विषय आहे खोटा अँटीव्हायरस. राखणदाराच्या वेशात आलेला चोर. हे व्याख्यान इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली अशा गावांतले मराठी लोकही ऐकतात, म्हणून कुठल्याही राज्यात उपयोगी पडेल तेवढंच सांगणार आहे.

आधी प्रकार काय आहे ते पाहू. तुम्ही एखादी पाककृती शोधताय किंवा गाडीचं वेळापत्रक बघताय. अचानक पूर्ण पडदा लाल होतो. भोंगा वाजायला लागतो. एक पट्टी सरकते, फायलींची नावं भराभर जातात आणि इंग्रजीत निकाल येतो : तुमच्या संगणकात इतके व्हायरस सापडले, बँकेची माहिती चोरीला जाते आहे, संगणक बंद करू नका. खाली एक तर बटण असतं, 'आत्ता साफ करा', नाहीतर फोन नंबर असतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बाकी सगळं विसरलात तरी एवढं विसरू नका. वेबसाइटचं पान तुमच्या संगणकाची तपासणी करू शकत नाही. ब्राउझरची रचनाच अशी आहे की, पान त्याच्या चौकटीत कोंडलेलं असतं. तुम्ही स्वतः निवडून दिलेली फाइल त्याला मिळते, पण तुमची डिस्क उघडून फायली चाळणं त्याला जमत नाही. म्हणजे ती सरकणारी पट्टी, ती नावं, तो आकडा हे सगळं आधीच तयार केलेलं चलचित्र आहे. तुमच्याकडे कोरा करकरीत संगणक असला तरी निकाल तोच येणार. पूर्वी ही पानं इतकी आळशी असत की, मॅकवर उघडली तरी विंडोजचा 'सी ड्राइव्ह' दाखवत आणि त्यात व्हायरस सापडल्याचं सांगत.

डॉक्टरने नाडीला हात न लावता शस्त्रक्रियेचं बिल द्यावं, तसा हा धंदा आहे. आणि तो फक्त गल्लीबोळातले चोर करतात असं नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाची मोठी दुकानसाखळी आहे. तिथे ग्राहकांचे संगणक 'तपासून' दिले जात. तपासणीच्या सुरुवातीला चार प्रश्न असत : संगणक हळू झालाय का, नको त्या जाहिराती येतात का, अशा धर्तीचे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचं म्हणणं असं की, यातल्या एका चौकटीत जरी खूण केली, तरी व्हायरसची लक्षणं सापडल्याचा निकाल येई. तपासणीत काय सापडलं याचा त्याच्याशी संबंध नव्हता. २०१९ मध्ये हे प्रकरण मिटवताना ऑफिस डेपोने अडीच कोटी डॉलर आणि ते सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने एक कोटी डॉलर भरले.

'पण मी तर चांगल्याच साइटवर होतो,' असं लोक म्हणतात. खरं आहे. युक्रेनमधल्या कीव्हमधून कारभार चालवणाऱ्या 'इनोव्हेटिव्ह मार्केटिंग' या कंपनीचं उदाहरण घ्या. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटीव्हायरस ही तिचीच पिल्लं. हे लोक जाहिरात संस्था असल्याचं भासवून नावाजलेल्या साइटवर जागा घ्यायचे. साइटवाल्यांना साधी जाहिरात दिसायची आणि वाचकाला मात्र ती खोट्या तपासणीच्या पानावर नेऊन सोडायची. २००८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन न्यायालयात गेलं, तेव्हा फसलेल्या ग्राहकांचा आकडा दहा लाखांच्या वर सांगितला गेला. २०१२ मध्ये न्यायालयाने या प्रकरणात सोळा कोटी डॉलरहून जास्त रकमेचा निकाल दिला. म्हणून साइट चांगली होती, एवढ्यावरून इशारा खरा ठरत नाही.

आता समजा, कोणी 'साफ करा' दाबलं आणि ते सॉफ्टवेअर आत आलं. मग काय होतं? ते संगणक सुरू होतानाच आपोआप चालू होण्याची सोय करून घेतं. दर थोड्या वेळाने नवे इशारे देतं. काही प्रकार खऱ्या अँटीव्हायरसला बंद पाडतात, टास्क मॅनेजर उघडू देत नाहीत, प्रॉक्सी बदलून मदतीच्या साइटवर जाण्याची वाट अडवतात. तुम्ही कुठलाही प्रोग्राम उघडायला गेलात की, 'हा बाधित आहे' असं म्हणून तो बंद करतात. आणि पैसे भरले की इशारे गप्प होतात. माणसाला वाटतं, औषध लागू पडलं! प्रत्यक्षात ओरडणाऱ्याने ओरडणं थांबवलेलं असतं, इतकंच. कार्डाचा नंबर मात्र त्याच्याकडे गेलेला असतो.

याहून चलाख गोष्ट पुढे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये अशा तीन टोळ्यांच्या हिशेबांचा अभ्यास मांडला. तिघींची मिळून कमाई तेरा कोटी डॉलरच्या वर होती. त्यात दिसलं की, या टोळ्या तक्रार करणाऱ्यांना पैसे परतही द्यायच्या. दया म्हणून नव्हे. बँकेकडे तक्रारी वाढल्या तर कार्डाने पैसे घेण्याची सोयच बंद होते, म्हणून. जो गप्प बसला, त्याचे पैसे बुडाले. हे ध्यानात ठेवा, याकडे शेवटी परत येऊ.

हल्ली आपल्याकडे फोन नंबरची वाट जास्त दिसते. तुम्ही फोन करता, पलीकडचा माणूस गोड बोलतो, स्क्रीन बघण्यासाठी एखादं ॲप टाकायला लावतो आणि मग संगणकाचा ताबा त्याच्या हातात जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर ७६ ठिकाणी छापे घातले. त्यातली दोन प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून होती : त्यांच्या नावाने तांत्रिक मदत देत असल्याचं भासवून कॉल सेंटरमधून परदेशी लोकांना फसवल्याचा आरोप होता. मायक्रोसॉफ्टने स्वच्छ सांगितलं आहे की, त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. म्हणजे परीक्षा सोपी आहे : इशाऱ्यात फोन नंबर दिसला, की इशारा खोटा.

आता उपाय. नुसतं पान दिसतंय की सॉफ्टवेअर आत शिरलंय, यावर तो ठरतो.

नुसतं पान असेल तर. आतल्या बटणांना हात लावू नका, 'रद्द करा'लाही नाही, कारण ते बटणही त्यांचंच चित्र असू शकतं. एस्केप कळ थोडा वेळ दाबून धरा, पूर्ण पडदा सुटेल. नाही सुटला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही, तर संगणकाचं बटण दाबून धरून तो सरळ बंद करा. 'बंद करू नका' ही धमकी पोकळ आहे. पुन्हा ब्राउझर उघडताना 'जुनी पानं परत आणू का?' असं विचारलं, तर नाही म्हणा.

तरी कोपऱ्यात इशारे येत राहिले, तर बहुधा कधीतरी 'अलाऊ' दाबलं गेलंय. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा आणि अनोळखी साइट काढून टाका. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागतं.

सॉफ्टवेअर आत शिरलं असेल तर या क्रमाने जा.

१. इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा किंवा वायर काढा. कोणी दुरून संगणक चालवत असेल, तर तो तिथेच थांबतो.

२. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत त्या दिवशी आलेलं अनोळखी सॉफ्टवेअर काढा. फोनवरच्या माणसाने टाकायला लावलेलं ॲपही काढा.

३. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये स्कॅन ऑप्शन्स निवडा आणि त्यात मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. हातातलं काम आधी सेव्ह करा, कारण संगणक बंद होऊन परत सुरू होईल. विंडोज जागं होण्याआधीच ही तपासणी होते, त्यामुळे लपलेल्याला अडथळा आणणं कठीण जातं. साधारण १५ मिनिटं लागतात.

४. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत, ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये आणि प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये काही परकं उरलंय का ते पाहा.

५. मग नेट जोडून विंडोज अद्ययावत करा आणि पुन्हा एकदा पूर्ण स्कॅन करा. दुसरं साधन हवं असेल, तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मोफत साधनं आहेत. त्यातलं एक आपल्या पुण्याच्या क्विक हीलचं आहे.

६. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. आधी ईमेलचा, मग बँकेचा.

एवढं करूनही इशारे येत राहिले, तर कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढून विंडोज नव्याने टाकणं हाच खात्रीचा मार्ग.

आणि पैसे गेले असतील, तर संगणक बाजूला ठेवा. पहिलं काम बँक, दुसरं १९३०. बँकेला फोन करून कार्ड आणि खात्याचे व्यवहार थांबवा. १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन देशभर चालते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही करता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातलं तत्त्व असं आहे : गुप्त माहिती ग्राहकानेच दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे कळवायला तासभर उशीर झाला, तर त्या तासाची किंमत आपणच मोजतो.

इथेच खरी अडचण येते. घरातले आजी-आजोबा, दुकान सांभाळणारे काका फसतात आणि दोन दिवस बोलत नाहीत. मुलं हसतील, सून काय म्हणेल, ही लाज. टोळीचा सगळा हिशेब या गप्प बसण्यावर चालतो, हे मघाशी पाहिलंच. त्यांनी आधी भीती विकली आणि मग लाजेवर नफा कमावला. म्हणून घरातल्या तरुणांना माझी विनंती आहे : 'असं कसं केलंत?' हा प्रश्न आधी विचारू नका. आधी विचारा, 'बँकेला फोन केला का?'

आज एवढंच करा. एका चिठ्ठीवर बँकेचा नंबर पासबुकावरून उतरवून घ्या, त्याखाली १९३० लिहा आणि ती संगणकाशेजारी चिकटवा. पडदा लाल होईल, तेव्हा पडद्यावरचा नंबर न बघता भिंतीवरचा बघायचा.