हरलेल्याच्या हातातली किल्ली

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात युनिटी नावाचे एक चिमुकले गाव आहे. युनिटी म्हणजे एकी. २००८ च्या जानेवारीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत या गावाने बराक ओबामा यांना १०७ मते दिली आणि हिलरी क्लिंटन यांनाही बरोबर १०७ च दिली. जूनमध्ये हिलरींनी माघार घेतल्यावर दोघांची पहिली संयुक्त प्रचारसभा कुठे घ्यायची, याचा फार विचार करावा लागला नसणार. २७ जून रोजी दोघे त्या गावात एका व्यासपीठावर आले, हसले, एकमेकांचे गुणगान केले. आपल्याकडे अशा प्रसंगाला ‘मनोमिलन’ असा झकास शब्द आहे, आणि हा शब्द कधी वापरतात हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आपल्याकडे उमेदवारीचे भांडण बंद दाराआड होते. तिकीट श्रेष्ठी देतात, ज्याला मिळत नाही तो बंडखोरी करतो किंवा गप्प बसतो. अमेरिकेत हेच भांडण चव्हाट्यावर, मतपेटीतून होते. पक्षाचा उमेदवार कोण हे राज्याराज्यांतले सामान्य मतदार ठरवतात. बेळगावहून अमेरिकेत गेलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि पडले, ते विरोधी पक्षाच्या हातून नव्हे, तर स्वपक्षाच्या प्रायमरीत. पुढे २०२२ मध्ये त्याच पक्षातर्फे ते काँग्रेसवर निवडून आले. अध्यक्षपदाच्या प्रायमरी जानेवारीपासून जूनपर्यंत चालतात. सहा महिने ज्याला नालायक म्हटले, तोच देशाला कसा तारील हे उरलेल्या पाच महिन्यांत सांगायचे असते. पुढाऱ्यांना ते जमते. त्यांच्यासाठी दारोदार फिरलेल्या कार्यकर्त्यांना मात्र ते इतके सहज जमत नाही.

आणि नेमक्या याच वेळी विजयी उमेदवाराला जोडीदार निवडायचा असतो. तिकडे त्याला ‘रनिंग मेट’ म्हणतात. उपाध्यक्षाला राज्यघटनेने फारसे काम दिलेले नाही. सिनेटचे अध्यक्षस्थान भूषवायचे, मते समसमान पडली तर आपले मत टाकायचे आणि एरवी थांबायचे. तरीही या पदाची एवढी चर्चा होते, कारण जिंकलेल्या माणसाच्या हातात त्या क्षणी देण्याजोगी हीच एक मोठी वस्तू असते. नाराजांचे पुनर्वसन म्हणा हवे तर.

जॉन केनेडींनी १९६० साली आपले प्रतिस्पर्धी लिंडन जॉन्सन यांना ती दिली. कामगार पुढारी आणि पक्षातले उदारमतवादी संतापले. पण केनेडींना दक्षिणेकडची राज्ये हवी होती. जॉन्सन यांचे टेक्सास केनेडींना मिळाले ते जेमतेम ४६ हजार मतांनी. रोनाल्ड रेगन यांनी १९८० मध्ये तेच केले. त्यांच्या आर्थिक धोरणाला जॉर्ज बुश यांनी प्रायमरीत ‘जादूटोण्याचे अर्थशास्त्र’ म्हणून हिणवले होते. डेट्रॉइटच्या अधिवेशनात रेगन यांची पहिली बोलणी चालली होती ती माजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याशी. पण फोर्ड टेलिव्हिजनवर मुलाखत द्यायला बसले आणि बोलता बोलता विषय ‘सह-अध्यक्ष’ या शब्दापर्यंत गेला. एका म्यानात दोन तलवारी राहणार नाहीत हे रेगन यांच्या ध्यानात आले. रात्री उशिरा बुश यांना फोन गेला. पक्षाचा जाहीरनामा मान्य आहे ना, एवढे विचारले गेले. बुश यांनी होकार दिला आणि जादूटोण्याचा विषय तिथेच संपला.

मला मात्र रेगन यांचा त्याआधीचा, १९७६ चा प्रयोग अधिक बोलका वाटतो, कारण तो फसला. तेव्हा ते गादीवर असलेल्या फोर्ड यांनाच आव्हान देत होते. प्रायमरी संपल्या तरी निकाल लागला नव्हता. दोघांत थोड्याच प्रतिनिधींचे अंतर होते आणि सगळे डोळे काठावर बसलेल्यांकडे लागले होते. रेगन यांचे प्रचारप्रमुख जॉन सियर्स यांनी एक डाव टाकला. अधिवेशनाला तीन आठवडे असताना, उमेदवारी हाती नसताना, रेगन यांनी आपला उपाध्यक्ष जाहीर करून टाकला. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर रिचर्ड श्वाइकर. रेगन पक्षाच्या उजव्या टोकाचे, तर श्वाइकर त्याच पक्षातले उदारमतवादी. हेतू असा, की पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी फुटतील आणि पक्षाचे दोन्ही पंख एकत्र येतील.

झाले भलतेच. पेनसिल्व्हेनिया जवळजवळ जागची हलली नाही. उलट दक्षिणेकडचे जे लोक रेगन यांच्या विचारांसाठी त्यांच्यामागे उभे होते, ते दुखावले. मिसिसिपीचे प्रतिनिधी फोर्ड यांच्याकडे झुकले. मग सियर्स यांनी दुसरा डाव टाकला. फोर्ड यांनीही आपला जोडीदार मतदानाआधीच जाहीर करावा, असा नियम करण्याचा ठराव अधिवेशनात मांडला. म्हणजे त्यांचेही कोणीतरी नाराज होईल! तोही ११८० विरुद्ध १०६९ मतांनी पडला. अखेर फोर्ड यांना ११८७ आणि रेगन यांना १०७० मते मिळाली. तेलही गेले, तूपही गेले. टेड क्रूझ यांनी २०१६ मध्ये असाच घाईघाईने कार्ली फिओरिना यांना जोडीदार जाहीर केले. आठवड्याच्या आत ते शर्यतीतून बाहेर पडले. जोडीदार देण्याची वस्तू आहे खरी, पण ती जिंकलेल्याने द्यायची. मिळवायच्या आधीच वाटू लागले, की लोकांना त्यात घायकुती दिसते.

आता पुन्हा २००८ कडे येऊ. हिलरी यांना १ कोटी ८० लाखांच्या आसपास मते पडली होती. त्यांच्या समर्थकांचे म्हणणे सरळ होते : एवढी मते मिळवणाऱ्या बाईला उपाध्यक्षपद तरी द्या. ओबामा यांनी ते दिले नाही. २३ ऑगस्टला नाव जाहीर झाले जो बायडेन यांचे. हे गृहस्थ आयोवातल्या पहिल्याच फेरीनंतर शर्यत सोडून गेलेले. त्यांच्यामागे दुखावलेला गट कसला, धड गटच नव्हता. कोणाचीही समजूत काढायला ही निवड उपयोगी नव्हती. परराष्ट्र व्यवहारातला बायडेन यांचा अनुभव हवा होता, म्हणून ती केली गेली.

मग पक्ष फुटायला हवा होता. फुटला नाही. मला वाटते, त्याचे कारण जोडीदाराच्या नावात शोधून सापडणार नाही. हिलरींच्या प्रचारावर २ कोटी डॉलरहून अधिक कर्ज झाले होते. ओबामा यांनी आपल्या देणगीदारांना ते फेडायला हातभार लावायला सांगितले आणि स्वतः कायद्याने परवानगी असलेला कमाल रकमेचा, २,३०० डॉलरचा धनादेश दिला. रक्कम किरकोळ, पण निरोप पोचला. डेनव्हरच्या अधिवेशनात हिलरी यांचे नाव मतदानासाठी रीतसर मांडू दिले गेले. त्यांच्या प्रतिनिधींना आपले मत नोंदवता आले. राज्यांची हाक सुरू असताना न्यूयॉर्कची पाळी आली तेव्हा खुद्द हिलरींनीच मोजणी थांबवून ओबामा यांची निवड एकमताने जाहीर करावी, असा ठराव मांडला. नोव्हेंबरात मतदान करून बाहेर पडलेल्यांच्या पाहणीत डेमोक्रॅटिक मतदारांपैकी ८९ टक्के ओबामांबरोबर होते. हिलरी पुढे त्यांच्याच सरकारात परराष्ट्रमंत्री झाल्या.

एकीची किल्ली जिंकलेल्याच्या खिशात असते असे आपण धरून चालतो. ती असते हरलेल्याकडे. उपाध्यक्षपद हा ती मागून घेण्याचा एक मार्ग, तोही नेहमी लागू न पडणारा. कमला हॅरिस यांनी २०१९ च्या वादसभेत बायडेन यांना चांगलेच धारेवर धरले होते. पुढच्या वर्षी त्याच त्यांच्या जोडीदार झाल्या, आणि कोणाला फार आश्चर्यही वाटले नाही.

याची दुसरी बाजू १९८० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला दिसली. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्याविरुद्ध एडवर्ड केनेडी महिनोन्‌महिने लढले होते, हरले होते. प्रतिनिधींना बांधिलकीतून मोकळे करा, ही त्यांची मागणीही अधिवेशनाने फेटाळली होती. शेवटच्या रात्री ते व्यासपीठावर आले. कार्टर यांच्याशी हस्तांदोलन केले, इतरांशीही केले. पण दोघांनी हातात हात घेऊन ते उंचावायचे, हे जे चित्र साऱ्या देशाला पाहायचे होते, ते काही मिळाले नाही. कार्टर त्यांच्याभोवती घुटमळत राहिले आणि ते घुटमळणे टेलिव्हिजनने घरोघर पोचवले. नोव्हेंबरात कार्टर यांच्या पदरात सहा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन एवढेच पडले. उपाध्यक्षपदाचे उमेदवार वॉल्टर माँडेल यांच्याबद्दल पक्षात फारशी कोणाची तक्रार नव्हती.