‘नो कॉस्ट’ हप्त्यांचा हिशेब
२४ हजारांचा मोबाइल, चार हजारांचे सहा हप्ते, व्याज शून्य! क्रेडिट कार्डावरची ही योजना कुणालाही भुरळ घालते. पण बँक व्याज सोडत नाही. वार्षिक १५ टक्के दराने होणारे सुमारे १,०१६ रुपये आधी सवलत म्हणून किमतीतून वजा होतात आणि मग हप्त्यांतून वसूल होतात.

त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८३ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये असेल, तर करासह आणखी २३५. झाले चारशेच्या वर!

व्याज असलेला हप्ता ‘नो कॉस्ट’ म्हणून खपवू नका, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच कार्ड कंपन्यांना बजावले आहे. मुद्दल, व्याज आणि सवलत वेगवेगळी दाखवणे त्यांना बंधनकारक आहे.

श्रोतेहो, ओटीपी देण्याआधी तो तपशील जरूर मागा.