पाहुणा घरात, रान शेजारी

(प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आम्ही पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. छडी सुटली, पण फळ्यावर लिहिण्याची सवय काही सुटली नाही. तेव्हा आज फळ्यावर एकच शब्द लिहितो : अभयारण्य.

हा शब्द फोडून वाचा. अभय आणि अरण्य. जिथे जनावराला भय नाही, ते अभयारण्य. आपल्या मुरुड-रोह्याकडचे फणसाड असेच आहे. पूर्वी ते जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले. १९८६ साली सरकारने या रानाचे अभयारण्य केले. जिथे बंदूक वाजत होती, तिथे जनावराला अभय मिळाले.

या रानात बिबट्या आहे, सांबर आहे, भेकर आहे, इवलेसे पिसोरी हरीण आहे. आणि शेकरू आहे, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी! शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर उडी मारते. फांदी हाच त्याचा रस्ता. मधले एक झाड तोडले, की रस्ता तुटला.

आता पाहुण्यांचे बघू. मुंबई-पुण्याची माणसे रान बघायला येतात. वनखात्याने सुपेगावला त्यांच्या मुक्कामाची सोय केली. आपल्यातही कोणी खोली देतो, कोणी भाकरी-कालवण रांधून घालतो. घरात चार पैसे येतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पोरगा नोकरीसाठी मुंबईला न जाता गावात राहिला, तर कोणाला नको आहे?

पण एक गोष्ट सांगतो. आमच्या ओळखीच्या एका बाई पाहुण्यांना खोली देतात. एकदा उन्हाळ्यात तरुण मंडळी उतरली. म्हणाली, "मावशी, रात्री पाणवठ्यावर शेकोटी करू, गाणी लावू. पैसे जास्त देतो." बाईंना पैशांची गरज होती. पोरीची फी भरायची होती. तरी त्या म्हणाल्या, "नको रे बाबांनो. रातच्याला तिथलं पानी जनावरांचं हाय." मंडळी रागावली आणि दुसरीकडे गेली. बाईंचे नुकसान झाले. ते कोणी भरून दिले नाही.

बाईंचे चुकले काय? आम्ही म्हणतो, नाही. उन्हाळ्यात ओढे आटतात. मग पाणवठ्याशिवाय जनावराला दुसरा आधार नाही. तिथे गोंगाट झाला, तर तहानलेले सांबर झाडीतूनच मागे फिरते. ते ओरडून तक्रार करत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. आणि जनावर दिसेनासे झाले, की पाहुणा तरी कशाला येईल?

पण ही झीज एकट्या बाईने का सोसावी? खोली देणाऱ्या सगळ्या घरांनी मिळून ठरवावे. अंधार पडल्यावर रानात पाऊल नाही. कर्णा नाही. रानात खरकटे आणि प्लास्टिक टाकायचे नाही. नव्या खोलीसाठी रानाकडेचे झाड तोडायचे नाही. ३ जून २०२० च्या वादळाने झाडे थोडी का पाडली? त्यात आपण भर घालू नये.

सगळ्या दारांत एकच उत्तर मिळाले, तर पाहुणा रागावून जाईल कुठे?

आता पाट्या घ्या. आपापल्या दारावर लावायचे वाक्य लिहा : "पाहुण्यांनो, या. रात्री पाणवठा जनावरांचा आहे."